दोन वाजले

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. नळ माझ्या हातात होता आणि कान माझेच होते.

आणि रात्रही नव्हती. रविवार होता, दुपारचे पावणेतीन. जागा म्हणजे माझ्या आईचं स्वयंपाकघर. चौथा मजला, वर थेट गच्ची.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. दिवसभर पाय मशीनवर आणि तोंडात टाचण्या. भुताखेतांच्या गोष्टींवर मी आजवर हसत आले.

आता हसत नाही.

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. गेले तोही रविवारच. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. बाबांनी हत्यारांचा डबा उघडला, वॉशर संपलेला. चपला घातल्या आणि दारातून म्हणाले, "आलोच."

बाबा कधी "येतो" म्हणायचे नाहीत. कायम "आलोच". आई वैतागायची, "तुमचं आलोच म्हणजे तासाची निश्चिंती."

त्या दिवशी ते आलेच नाहीत. रस्त्यातच कोसळले.

नळ मात्र गळत राहिला.

टप्... टप्...

आईनं त्याखाली एक वाटी ठेवली. भरली की ओतायची, परत ठेवायची. तिची झोप गेली, जेवण गेलं. चार महिन्यांत मी तिचे ब्लाउज दोनदा आत घेतले. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना एकटं ठेवू नका.

"माझ्याकडे चल," मी रोज म्हणायचे.

"गळता नळ टाकून घर बंद करू? काम अर्धवट आहे. ते वॉशर आणायला गेलेत ना."

ती हे अगदी साध्या सुरात म्हणायची. मला तिथेच भीती वाटायची.

दोन प्लंबरना तिनं दारातून परत पाठवलं. तिसऱ्याला चहा पाजला आणि मग परत पाठवलं. शेवटी एक दिवस स्वतःहून म्हणाली, "तू कर. परक्याचा हात नको. नळ झाला की येते तुझ्याकडे."

मला नळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण आई येते म्हणाली होती. मी म्हटलं, करते!

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या घराच्या पाण्याचा व्हॉल्व्ह गच्चीवर आहे, टाकीपाशी. लहानपणी नळाचं काम निघालं की बाबा खाली आणि मी गच्चीवर. तेव्हा फोन कुठले? आम्ही खूण ठरवली होती. व्हॉल्व्ह बंद केला की मी दगडानं पाइपवर दोनदा ठोकायचं. चालू केला की तीनदा. लोखंडी पाइपमधून आवाज थेट खाली जायचा.

दोन म्हणजे बंद. तीन म्हणजे चालू. ही खूण आम्हा तिघांनाच माहीत. बाबा, मी आणि आई.

माझ्या नवऱ्याला मी हे कधीच सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी मी नवऱ्याला गच्चीवर पिटाळलं. "व्हॉल्व्ह बंद केलास की फोन कर."

"जावयाला जेवणानंतर वामकुक्षी असते, व्हॉल्व्ह नसतो," तो म्हणाला आणि गेला.

पाच मिनिटं गेली. मग माझं लक्ष फ्रिजकडे गेलं. त्याच्यावर नवऱ्याचा फोन पडलेला! म्हटलं, झालं कल्याण. आता हा कळवणार कसं?

तेवढ्यात...

टक्. टक्.

पाइपवर. वरून.

नळाची टपटप थांबली. मी नळ पूर्ण उघडला. आत जरा गुरगुरलं आणि मग कोरडं.

वा, मनात म्हटलं, डोकं चालवलं गड्यानं.

आई ओट्याला धरून उभी होती. हळूच म्हणाली, "दोन वाजले."

मी घड्याळाकडे बघितलं. "काय आई, पावणेतीन होतायत."



मी कामाला लागले. नळदुरुस्तीचा व्हिडिओ फोनवर दोनदा बघितला होता. नळाची फक्त वरची मुंडी काढायची होती. मी पाना लावला, जोर केला आणि अख्खा नळच भिंतीतून निघून हातात आला! भिंतीत नुसतं भोक. त्यातून टाकीचं पाणी सुटलं असतं तर स्वयंपाकघराचं तळं झालं असतं.

थेंबही आला नाही.

मांडीवर नळ घेऊन मी जमिनीवर बसले. मुंडी सोडवली. आतला जुना वॉशर झिजून पापडासारखा झाला होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नवा वॉशर मी आणलेलाच नाही. नऊ प्रकारच्या टाचण्या घरात असतात माझ्या, पण वॉशर विसरले.

आई आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात कागदाची छोटी पुडी होती.

"त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. दवाखान्यातून कपडे दिले ना, त्यात."

पुडीत एक वॉशर होता. काळा, नवाकोरा.

"म्हणजे ते परतच येत होते बघ," आई म्हणाली.

मी रडले. बाबा म्हणायचे, या घरात दोनच गोष्टी गळतात, नळ आणि ही. मी डोळे पुसले आणि वॉशर बसवला. तो बरोब्बर बसला.

मग नळाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळायची होती. बॉबिन भरायचा हात माझा, भराभर गुंडाळली. आईनं अडवलं. "उलटी गुंडाळलीस. नळ फिरवशील तशी टेप सुटेल. ते घड्याळाच्या काट्यासारखी गुंडाळायचे."

परत उकलली, परत गुंडाळली. नळ भिंतीत आवळला. आता वर ओरडून सांगायचं, चालू कर.

मी खिडकी उघडली आणि बेल वाजली.

दारात नवरा. घामाघूम, हातात एक किल्ली.

"गच्चीला कुलूप! किल्ली तळमजल्यावरच्या काकांकडे. ते झोपलेले, अर्धा तास बेल वाजवतोय. आत्ता कुठे मिळाली. जाऊ का वर?"



"तू... वर गेलाच नाहीस?"

"कुलूप म्हणतोय ना!"

"मग ठोकलं कुणी?"

"काय ठोकलं?"

तेव्हाच...

टक्. टक्. टक्.

तिघांनीही ऐकलं. नवऱ्यानं छताकडे बघितलं. भिंतीतला पाइप खडखडला आणि उघड्या नळातून भसाभसा पाणी आलं.

आई पुढे झाली. नळ बंद केला. खाली वाकून बघितलं. एक थेंब नाही. वाटी उचलली, पुसली आणि फडताळात पालथी घातली.

"तीन वाजले," ती म्हणाली.

घड्याळात सव्वातीन झाले होते. मला दोन्ही वेळचं आत्ता एकदम कळलं. आई घड्याळ बघत नव्हती, ठोके मोजत होती. लहानपणी मी वर असायचे आणि बाबा खाली. आज खाली मी होते.

आम्ही दोघं गच्चीवर गेलो. नवऱ्याच्या हातून कुलूप तीन प्रयत्नांनी उघडलं. गच्चीवर कुणी नव्हतं. टाकी, वाळत घालायच्या दोऱ्या, ऊन.

व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता.

त्याच्या चाकापासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं होतं. अखंड, धुळीनं माखलेलं. नवऱ्यानं बोट लावलं तसं तुटलं. चाक आत्ता फिरलं असतं तर ते जाळं राहिलंच नसतं.

आणि पाइपाशेजारी एक दगड होता. मुठीएवढा. दगड काय, कुठल्याही गच्चीवर असतो. नवरा हेच म्हणाला. मी "हो" म्हटलं.

खाली आलो तर आईची पिशवी भरून तयार! चार साड्या, औषधं, चष्मा. चार महिने ज्यासाठी मी तिच्या पाया पडत होते, ते पाच मिनिटांत झालं. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, त्या क्षणी फक्त आनंद झाला. म्हटलं, बाबांनीच काम पुरं केलं. आईला मोकळं केलं.

मी दार ओढून घेतलं. कुलपात किल्ली घातली.

आईनं बंद दारावर हात ठेवला. आतल्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली...

"आलेच हं."

किल्ली माझ्या हातात तशीच राहिली. "कुठे येणार आहेस? आपण निघालोय ना आई?"

"तोंडातून निघालं गं," ती हसली. खूप दिवसांनी हसली.

याला आता सात आठवडे झाले. आई माझ्याकडेच आहे. नीट जेवते, झोपते. मागच्या आठवड्यात तिच्या ब्लाउजच्या शिवणी उसवून मी परत सैल केल्या. नवरा म्हणतो, पाइपात हवा अडकली असेल, त्यानंच पाणी थांबलं आणि आवाजही झाला. असेल. हवा दोन आणि तीन कशी मोजते, ते मी त्याला विचारत नाही.

मी आठवड्यातून एकदा त्या घरी जाऊन झाडून येते. नळ कोरडा ठणठणीत असतो. मी लवकर निघते.

फक्त एकच गोष्ट आहे.

आई आता "येते" म्हणत नाही. पाणी प्यायला उठली, शेजारी निघाली, नुसती बाल्कनीत जरी गेली, तरी दारातून वळून म्हणते, "आलेच हं."

माझा पाय मशीनवरून आपोआप निघतो. ती परत येऊन बसेपर्यंत मला टाकाही घालता येत नाही.