रोजची एक बादली

शनिवारी दुपारी पावणेतीनला हवालदाराचा फोन आला.

"मॅडम, कपडे धुवायच्या मशीनला हात लावला आणि बाई जागच्या जागी गेली. वायरमनला बसवून ठेवलाय. तुम्ही येऊन नुसती सही करा."

विद्युत निरीक्षक बाईंनी मीटरची पेटी उचलली. नुसती सही करायची त्यांना सवय नव्हती.

घर बैठं होतं, तीन खोल्यांचं. मोरीत ओले कपडे अजून टबात पडले होते. वायरमन पायरीवर बसला होता. कानामागे कायम टेस्टर खोचलेला, म्हणून सगळे त्याला टेस्टरच म्हणत. आज कान रिकामा होता.

"बाई, वायरिंग माझंच आहे," तो म्हणाला. "पण मी ईएलसीबी बसवलाय. जराशी वीज कुठे गळली तरी तो स्विच आख्ख्या घराची लाईन तोडतो. लायसन गेलं तर जाऊ दे, हे मला आत टाकतील."

"टाकायलाच पाहिजे," मेलेल्या बाईचा नवरा दारात उभा राहून म्हणाला.

"तो स्विच कधी पडत होता का?" बाईंनी त्याला विचारलं.

"रोज. मशीन लावलं की पडायचा. याला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच, उद्या येतो."

टेस्टर पायरीवरची माती नखाने खरवडू लागला.

"मग?"

"मग आपोआप थांबला. गेल्या सोमवारपासून एकदाही पडला नाही. आम्ही म्हटलं, सुटलो."

बाईंनी वहीत 'सोमवार' लिहिलं. ताप आपोआप उतरतो, विजेचा बिघाड उतरत नाही.

बोर्ड बोळकांडीत होता, नवऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांच्या खोलीच्या दाराशीच. ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. नाकात प्राणवायूची नळी, गालांवर ती धरून ठेवणाऱ्या कागदी चिकटपट्ट्या. नळी लांबलचक, जमिनीवर वेटोळी करून पडलेली. प्राणवायूचं यंत्र शेजाऱ्यांच्या घरातून खिडकीवाटे आणलेल्या वायरवर घरघरत होतं.

"मी मेन बंद केला, तेव्हा पळापळ झाली," हवालदार म्हणाला. "सिलिंडर लावायला गेलो, तर रिकामा."

"भरून आणला होता," मुलगा म्हणाला. "महिना झाला. कधी लागलाच नाही."

टेबलावर काळा जुना टेलिफोन होता, शेजारी घासून पुसून ठेवलेली पक्कड.

"बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. पस्तीस वर्षं केबल जोडल्या त्यांनी."

"आणि तुम्ही? विजेचं काही काम येतं?"

"बल्बसुद्धा बायकोच बदलायची."

बाईंनी मशीनचा प्लग काढला, मेन चालू करायला लावला आणि ईएलसीबीवरचं चाचणीचं बटण दाबलं. स्विच पडायला हवा होता. पडला नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही.

मेन बंद करून त्यांनी कव्हर उघडलं. स्क्रूंवर ताजे ओरखडे होते. आत स्विच नुसता दिखाव्याला उभा होता. त्याच्या वायरी काढून थेट एकमेकींना जोडल्या होत्या. पीळ एकसारखे, घट्ट, टोकं दाबून बसवलेली. वर पांढरी कागदी चिकटपट्टी.

टेस्टर पाहतच राहिला. "हा पीळ माझा नाही, बाई. माझ्याकडून इतका सुबक होतच नाही."

"अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?"

तो घरामागे होता. लोखंडी झाकणाखाली पाणी ओतायचं नरसाळं, नरसाळ्यात कोळ्याचं जाळं. बाईंनी मीटर जोडला. वीज जमिनीत जायला किती अडथळा, त्याचा आकडा पाच ओहमच्या आत हवा होता. नऊशे आला.

"यात पाणी घालावं लागतं, हे माहीत होतं?"

"बाबा घालायचे. रोज संध्याकाळी एक बादली. शेजारी विचारायचे, काका, लोखंडाला पालवी कधी फुटणार?" मुलगा किंचित हसला आणि लगेच थांबला.

"ते खाटेला खिळल्यापासून कोण घालतं?"

त्याने कोळ्याच्या जाळ्याकडे पाहिलं. "मी," तो म्हणाला.

सगळे वडिलांच्या खोलीत आले.

"हवालदार, वायरमनला सोडा," बाई म्हणाल्या. "ईएलसीबी त्याने बसवला होता, काढला दुसऱ्याने. मेन बंद केल्याशिवाय ते काम होत नाही. मेन बंद केला की प्राणवायूचं यंत्र बंद पडतं, मग सिलिंडर लागतो. घरच्यांना तो एकदाही लागला नाही, तरी रिकामा झाला. आणि असा पीळ केबल जोडणारा माणूसच घालतो." त्या खाटेकडे वळल्या. "काका, सोमवारी घरात तुम्ही एकटेच होतात ना?"

म्हाताऱ्याने नाकातली नळी सारखी केली.

"दोघं कामाला गेली होती. भिंत धरत बोर्डापर्यंत गेलो," तो म्हणाला. "स्विच पडला की माझं यंत्र बंद. सूनबाई मोरीतून धावत यायची, साबणाच्या हातांनी. रोज. मलाच लाज वाटायची तिच्यापुढे. आणि भीतीही वाटायची, एक दिवस ती घरात नसली तर? आम्हाला एक्स्चेंजात एकच शिकवलं होतं, काही झालं तरी लाईन पडता कामा नये."

"गळती तर चालूच होती, काका."

"ते मला कळत होतं. पण अर्थिंग माझ्या हातचं आहे. वीस वर्षं ओलं ठेवलंय. म्हटलं, गळेल ती जमिनीत जाईल. जास्तच गळली, तर एमसीबी आहेच, प्रवाह वाढला की तो स्विच पडेल." त्याने मान पुढे काढली. "मॅडम, खड्डा ओला होता ना? मी रोज विचारायचो याला."

बाईंना खोटं बोलता आलं असतं.

"कोरडा होता," त्या म्हणाल्या. "वीज जमिनीत गेलीच नाही. मशीनच्या पत्र्यातच राहिली. एमसीबी पडण्याइतका प्रवाहच वाहिला नाही."

म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलं.

"दमून यायचो, बाबा," मुलगा म्हणाला. "घातलं म्हणायचो. ती म्हणायचीसुद्धा, खोटं कशाला सांगता, मी घालते. मी म्हटलं, राहू दे, काय होतंय."

हवालदाराने वही उघडली. "नाव कोणाचं लिहू?"

"माझं," म्हातारा म्हणाला. "पक्कड माझी होती."

मुलगा बाहेर गेला. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बाई मागच्या अंगणात पोचल्या तेव्हा तो नरसाळ्यात दुसरी बादली रिकामी करत होता. टेस्टर सुटला होता, पण गेला नव्हता. तिसरी बादली भरून तोच घेऊन आला.

मीटर अजून जोडलेलाच होता. सहाशे. चारशे. दोनशे साठ.

"पाचच्या खाली यायला किती दिवस लागतात?" मुलाने विचारलं.

"चार दिवस. रोज घातलं तर."

"म्हणजे सोमवारपासून घातलं असतं…"

"आलं असतं," बाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली आणि रिकामी बादली उचलून पुन्हा नळाखाली धरली.