विनोदाचं कपाट

त्या दिवशी माझ्या हातात सात डबे होते आणि जिना अरुंद होता. सात डबे एकदम उचलायची काही गरज नव्हती, पण दुसरी खेप कोण घालणार! चौथ्या पायरीवर वरच्या डब्याचं झाकण उडालं, आतलं रीळ सुटलं आणि घरंगळत, उलगडत थेट खाली गेलं.

खाली तो उभा होता. वर यायला त्याने एक पाय उचलला होता, तो तसाच हवेत राहिला. कारण जमिनीवर सगळीकडे फिल्मच फिल्म...

"हलू नका!" मी ओरडले. "पाय ठेवलात तर बघा!"

"नाही ठेवत. पण किती वेळ?"

"गुंडाळून होईपर्यंत. वीस मिनिटं."

तो मिनिटभर एका पायावर डुलला, मग मागच्या मागे धप्पकन दाराच्या उंबऱ्यावर बसला. फिल्मला धक्का लागला नाही. मला मात्र असं हसू फुटलं की आणखी एका डब्याचं झाकण पडलं.

"सिनेमातला विनोद इथूनच सुरू झाला," तो कंबर चोळत म्हणाला. "कोणीतरी पडलं, बाकीचे हसले. बोलायची सोयच नव्हती ना तेव्हा."

"मास्तर आहात का हो तुम्ही?"

"आवाज साफ करतो. आजपासून इथेच."

तेव्हापासून तो मास्तर. आणि रिळं तपासायचं माझं काम, म्हणून मी त्याची इन्स्पेक्टर.

आमची इमारत म्हणजे जुन्या चित्रपटांचा दवाखाना. आमच्या दोघांच्या वाट्याला विनोदाचं कपाट आलं होतं, चाळीस चित्रपट. जुनी फिल्म कुजायला लागली की आंबट वास येतो, आणि एकदा वास सुटला की तिचे दिवस भरले. मी फाटलेल्या कडा जोडायच्या. मग मास्तरने रीळ यंत्रावर चढवून चित्र आणि आवाज उतरवून घ्यायचा, आणि आवाजातली खरखर काढायची. कुजलेलं रीळ यंत्रावर एकदाच तग धरतं. दुसऱ्यांदा चढवलं तर हातात भुगा. त्या वासाने घसा धरतो, म्हणून माझ्या खोलीत मी दिवसभर मास्क लावून बसायची.

मास्तर रोज दुपारी माझ्या खोलीत येऊन बसायचा, चांगला तास दीड तास. मी तोंडाळ, माझी टकळी चालू. तो नुसता माझ्याकडे बघत हसायचा. आणि त्याच्या खोलीत गेलं की त्याची शिकवणी सुरू.

"हे बघ, आधी पडापडी. मग सिनेमाला आवाज मिळाला आणि सगळे बोलत सुटले. इतकं बोलले की पडायलाच विसरले."

"माझ्यासारखे."

"तुझ्यासारखे. मग आले प्रेमातले विनोद. पहिल्या भेटीत भांडण, मध्यंतरापर्यंत गैरसमज—"

"आणि शेवटी लग्न. कळलं. मग?"

"मग लोकांना त्याचाही कंटाळा आला. मग त्याच चित्रपटांची टिंगल करणारे चित्रपट आले. आणि अगदी शेवटी काळे विनोद. ज्यांत घरात प्रेत पडलंय आणि आपण हसतोय."

"हे कसलं मेलं हसू!"

"सगळ्यात खरं," तो म्हणाला. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. आजवर कोणी माझं बोलणं इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. घरी तर मी तोंड उघडलं की आई टीव्हीचा आवाज वाढवते. मी वेडी आरशासमोर उभी राहून बघायला लागले, एवढं काय आहे आपल्यात म्हणून.

दोन महिने असे गेले. मग ती शिट्टी आली.

त्याने साफ केलेल्या एका रिळाची उतरवलेली प्रत मी शेवटची तपासत होते. हेडफोन लावले तर बारीक, टोकदार शिट्टी. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत. कानात सुई घातल्यासारखी. इतका काटेकोर माणूस, आणि एवढी ढळढळीत चूक?

त्याला बोलावलं, हेडफोन दिले. तो ऐकत होता, पण बघत होता माझ्या तोंडाकडे. मी मुद्दाम चेहरा कोरा ठेवला.

"हो... आहे खरी," तो चाचरत म्हणाला. "तिसऱ्या मिनिटाला. काढतो."

"तिसऱ्या?"

"चौथ्या... का?"

त्या जागी संवाद नव्हते, नुसती शिट्टी होती. मी हळूच आवाज बंद केला. तो तसाच हेडफोन धरून, मान तिरकी करून ऐकत राहिला. काहीच वाजत नव्हतं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

त्याने हेडफोन काढले. मग सगळं सांगितलं. वर्षभर झालं होतं. त्याच्या वडिलांचंही असंच झालं होतं, चाळिशीच्या आत. आधी बारीक आवाज जातात— शिट्ट्या, पक्षी, मग बायकांचे आवाज, मग सगळेच. डॉक्टरांनी दोन वर्षं दिली होती, फार तर.

"म्हणजे तू माझ्याकडे बघायचास ते..."

"ओठ वाचत होतो," तो म्हणाला. "तुझे स्पष्ट वाचता येतात."

भडका उडाला नुसता. मी काय काय समजून बसले होते! आरशासमोर उभी राहिले होते मूर्खासारखी! "छान!" मी म्हटलं. "मी म्हणजे तुझं पाठ्यपुस्तक! एखादी दुसरी स्पष्ट बोलणारी भेटली असती तर तिच्याकडे बघत बसला असतास."

मी उठून माझ्या खोलीत आले, मास्क चढवला आणि रीळ ओढलं. तो मागोमाग आला. दारातच उभा राहिला.

"या खोलीत तू मास्क लावतेस," तो म्हणाला.

"मग?"

"काय म्हणालीस ते नाही कळलं. तेच सांगतोय. इथे मला तुझं निम्मंसुद्धा कळत नाही. दोन महिन्यांत काय बोललीस, देव जाणे. तरी रोज येतोच ना?"

मी मास्क काढला. त्यानंतर मी जे बोलले त्यात आवाज नव्हताच, त्याला तरी कसं ऐकू येणार... पण त्याने बरोबर वाचलं आणि कानापर्यंत लाल झाला.

कपाटातले एकोणीस चित्रपट उरले होते. तेवढे होईपर्यंत आमच्या वरिष्ठ मॅडमना सांगायचं नाही, असं आमचं ठरलं. खरं म्हणजे मीच ठरवलं. तो यंत्र चालवणार, मी शेजारी बसून ऐकणार. त्याची नोकरी वाचेल, माझी दुपार सोनेरी होईल, असा माझा साधा हिशेब. अठरा चित्रपट गेले असे, आणि त्यांतले निम्मे आम्ही हातात हात घालून उतरवले. खोटं कशाला बोलू, इतकी सुखात मी कधीच नव्हते.

एकोणिसावा एका शिंप्याचा आणि त्याच्या भांडकुदळ गिऱ्हाइकाचा होता. प्रेमातला विनोद. दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. फिल्म आकसलेली होती. अशी फिल्म यंत्राच्या दात्यांत अडकायला लागली की आधी बारीक टिकटिक येते. ती ऐकली की यंत्र लगेच थांबवायचं, नाहीतर संपलंच.

अर्धं झालं होतं आणि आईचा फोन आला. तिला त्याच्याबद्दल सांगितल्याला दोनच दिवस झाले होते.

"आयुष्यभर ओरडून बोलणार आहेस का त्याच्याशी?" आई म्हणाली.

"आत्ता कुठे मी हळू बोलते?"

चार मिनिटं. जास्तीत जास्त पाच. मी बाहेरच्या बाकावर बसून आईशी वाद घालत होते. परत आले तर यंत्र जोरात फिरत होतं, मास्तर पाठमोरा बसून डब्यावर चिठ्ठी चिकटवत होता, आणि जमिनीवर चिंध्यांचा ढीग. मी ओरडले. यंत्राच्या घरघरीत त्याला ऐकू आलं नाही. धावत जाऊन मी बटण दाबलं, तेव्हा कुठे तो वळला. आधी त्याने माझा चेहरा पाहिला, मग जमीन.

तो गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा करायला लागला. बोटाएवढे तुकडे. एका तुकड्यात शिंप्याचा हात, एकात नुसती त्याची मापाची पट्टी. त्या दोघांचं पुढे काय झालं, ते आता कोणालाच कळणार नाही.

"मी सांगते, माझ्या हातून झालं," मी म्हटलं. "मी उठायलाच नको होतं."

"नाही," तो म्हणाला. "तू माझे कान नाहीस. मी तुला तसं वापरलं, ही माझी चूक." तुकड्यांचा डबा घेऊन तो मॅडमकडे गेला आणि सगळं खरं सांगून टाकलं. माझ्यावर ताशेरे ओढले गेले. त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. मॅडम ओरडल्या नाहीत. त्या डबा उघडून नुसत्या बघत बसल्या, आणि तेच फार वाईट होतं.

फाटकाशी बारीक पाऊस होता. तो भिजत उभा होता.

"इन्स्पेक्टर, शहाणी हो," तो म्हणाला. "वर्षभराने मला तुझा आवाज येणार नाही."

"मग वर्षभर बोलून घेते," मी म्हटलं. "मला कोणी गप्प बसवलंय आजवर? उद्या लग्नाचा अर्ज भरायला जाऊ. आणि नाही म्हणालास तर आईला तुझ्या घरी पाठवीन."

तो नाही म्हणाला नाही. आम्ही लग्न केलं. तो आता पुस्तकांना पुठ्ठे घालतो, मी अजून रिळं जोडते. त्या चिंध्या माझ्या स्वप्नात येतात. त्याच्याही येत असाव्यात, आम्ही विचारत नाही.

वर्ष नाही, चौदा महिने मिळाले. आधी माझी कुजबुज गेली, मग फोनवरची मी, मग शेजारच्या खोलीतली मी. परवा रविवारी सकाळी आम्ही घरी एक जुना पडापडीचा चित्रपट लावला. पडद्यावर एक जाड्या शिडीवरून चुन्याच्या बादलीत पडला आणि मी खो खो हसले. त्याच्या कुशीत पाठ टेकून बसले होते. तो हसला नाही, तेव्हा मी मान वळवून विचारलं, "काय रे?"

"तू आत्ता हसलीस?"

"हसले की."

तो हळूच म्हणाला, "नाही ऐकू आलं गं. हसणं तेवढं येत होतं अजून..."

मी पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. त्याने माझ्या पाठीवर सपाट तळवा ठेवला. "पुन्हा हस ना. हाताला कळतंय का बघू."

जाड्या बादलीतून उठला आणि पुन्हा पडला. मला हसू येईना. रडू फुटलं, खांदे थरथरायला लागले आणि थांबता थांबेनात. त्याचा तळवा माझ्या पाठीवर घट्ट दाबला गेला.

"आलं! कळतंय!" तो आनंदाने म्हणाला. "हसतेयस ना?"

मी मागे न वळता मान डोलावली.