निळ्या बोटीची डावी जागा

उद्या पहाटे तलावावर निघालाच आहात, तर हे ऐकून जा. दिवा राहू दे बंद, डास येतात. आणि आधीच सांगतो, अमावास्या नव्हती, पडका वाडा नव्हता, पांढऱ्या कपड्यांतली बाई तर मुळीच नव्हती. नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार होता आणि आकाशात चांगला अर्धा चंद्र होता. ज्याच्यावर गुदरलं तो मिस्त्री पूर्वी आमच्या कचेरीतले पंखे दुरुस्त करायचा. पंखे पुन्हा बिघडायचे, पण माणूस खोटं बोलणारा नव्हता.

पुढे तो तुम्ही निघालात त्याच तलावावर बोटींच्या देखभालीला लागला. डोंगरांच्या कुशीतलं पाणी, काठाने दाट झाडी. सुट्टीच्या दिवशी माणसं निसर्ग बघायला येत आणि त्याच्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत. पायडल मारायच्या दोन बोटी होत्या, एक पांढरी, एक निळी. प्रत्येकीत शेजारी शेजारी दोन जागा, आणि दोन्हींकडची पायडलं एकाच दांड्याला जोडलेली. म्हणजे एकाने पाय मारले की दुसऱ्याची पायडलंही फिरतात. एकटाच माणूस बसला तर बोट त्याच्या बाजूला कलते. हे लक्षात ठेवा.

रात्रीच्या राखणीला मिस्त्रीने स्वतःच्याच मेहुण्याला चिकटवलं होतं. बायकोचा धाकटा भाऊ, कुठेही महिनाभर न टिकलेला. आणि अलीकडे रोज सकाळी पांढरी बोट तलावाच्या मधोमध सापडू लागली होती. मालकाने मिस्त्रीला बोलावून सांगितलं, "उद्या ती पुन्हा तिथे दिसली, तर मेहुणा घरी. आणि त्याचा वशिला लावणाराही."

मेहुणा रात्री जोडप्यांना गुपचूप बोट देतो, याबद्दल मिस्त्रीला शंका नव्हती, खात्रीच होती. जेवण उरकून, ग्रीसचा डबा घेऊन तो निघाला.

"या भाऊजी. ताईने डबा पाठवला वाटतं?"

"ग्रीस आहे. खायचं असेल तर खा."

"रात्री साडेअकराला ग्रीस?"

"दिवसा गिऱ्हाईक असतं. कुलपाची किल्ली दे इकडे."

मेहुण्याने किल्ली दिली. जरा लवकरच दिली, असं मिस्त्रीला वाटलं. त्याने दोन्ही बोटींच्या साखळ्या ओढून पाहिल्या, किल्ली खिशात टाकली आणि चौकीत मेहुण्यासमोर खुर्ची मांडली.

"माझ्यावर पाळत ठेवताय?"

"तुझ्यावर कशाला? थंडी वाजतेय."

"मग शेगडीकडे बघा की. माझ्या तोंडाकडे काय बघताय?"

बराच वेळ दोघं तसेच बसले. मग धक्क्यावर साखळी खळखळली. एकदाच.

मेहुणा जागचा हलला नाही. नुसतं म्हणाला, "आता बघा."

मिस्त्री धावला. साखळी पाण्यात लोंबत होती, कुलूप लावलेलंच. पांढरी बोट मधोमध पोचली होती. एवढ्यात.

"कोण साथीदार आहे तुझा?"

"भाऊजी, सकाळपर्यंत थांबा. मी रोज थांबतो."

"आणि सकाळी मालकाला काय सांगू? तुझ्या बहिणीला काय सांगू?"

मिस्त्रीने निळी बोट सोडली आणि उजवीकडे बसला. बोट उजवीकडे कलली. कलायलाच हवी होती.

जवळ जाऊन पाहिलं तर पांढरीत कोणी नव्हतं. बुडी मारून लपला असणार, मिस्त्रीने ठरवलं. पण पाण्यावर तरंगसुद्धा नव्हता. बोट मात्र डावीकडे कललेली. रिकामी.

ओढून न्यायला त्याने वाकून पांढरीला दोर बांधला.

पांढरी बोट हळूच सरळ झाली.

आणि मग त्याच्या खालची निळी बोटही... सरळ झाली.

त्याने डावीकडे पाहिलं नाही. पाय मारू लागला. पायडलं हलकी लागत होती. मागे दुसरी बोट असून हलकी. त्याने पाय थांबवले...

पायडलं थांबली नाहीत.

धक्क्यावर मेहुणा बॅटरी घेऊन उभा होता. उजेड मिस्त्रीच्या तोंडावर पडला. मग शेजारच्या जागेवर सरकला. तिथे... थांबला.

मेहुण्याने बॅटरी विझवली.

"काय रे? काय दिसलं?"

"आधी तुम्ही उतरा, भाऊजी."

त्याने हात पुढे केला. मिस्त्रीने तो धरला, उतरला, आणि उजाडेपर्यंत सोडला नाही.

"आधी का नाही सांगितलंस?" पहाटे केव्हातरी त्याने विचारलं.

"तुम्ही म्हणाला असता, पिऊन बोलतोय."

मिस्त्री म्हणालाच असता. मेहुण्याला त्या रात्री काय दिसलं, ते मात्र त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बहिणीलाही नाही.

सकाळी मालकाला दोन्ही बोटी जागेवर दिसल्या. दोघांच्या नोकऱ्या वाचल्या. तिथे कोणी बुडालं होतं का, हे तुम्ही विचारण्याआधी मीच विचारलं होतं. कोणी नाही. निदान कुणाला माहीत नाही.

पांढरी बोट त्यानंतर कधी सुटली नाही. निळी मात्र धक्क्याला रिकामी बांधली की डावीकडे कलते. मिस्त्रीने ती पालथी केली, तळ उघडून पाहिला. आत पाण्याचा थेंब नाही. मालक ती अजून भाड्याने देतो. एकटं फिरायला येणारं गिऱ्हाईक तर तिच्यावर खूश असतं, बोट काय स्थिर आहे म्हणतं.

कारण उजवीकडे एकटा माणूस बसला की ती... अगदी सरळ होते.