सुगंधाने अर्ज मागे घेतला

शनिवारी सकाळी सातला दीपप्रभा लॅम्प्सच्या गेटवर नोटीस लागली. युनियनच्या सरचिटणीसपदी कुंडलिक साटम बिनविरोध. दुसऱ्या उमेदवार सौ. सुगंधा परब, बिल्ला नंबर ४१७, यांनी अर्ज मागे घेतला आहे.

सुगंधाने नोटीस दोनदा वाचली. मग आपल्याच छातीवरचा बिल्ला उलटा करून नंबर तपासला.

"मी घेतला? कधी?"

मुलुंडच्या त्या बल्बच्या कारखान्यात फिलामेंट विभागात एकशे चाळीस बायका होत्या. केसापेक्षा बारीक तार चिमट्याने उचलून आकड्यात अडकवायची, दिवसाला दोन हजार वेळा. आता जपानहून मशीन येणार होतं. १९८६ सालातलं ते नवंच कौतुक. विभाग बंद करायचा करार तयार होता, त्यावर फक्त सरचिटणिसाची सही हवी होती. कुंडलिकरावांचं पेन उघडंच होतं. सुगंधा निवडून आली असती तर सही होणार नव्हती, एवढी साधी गोष्ट. मतदान सोमवारी होतं. आता सोमवारी मतदानाच्या जागी सही होणार.

"घाबरू नकोस," मागून आवाज आला. "आधी कागद बघू."

ही द्रौपदी रणपिसे, कारखान्याच्या पाळणाघरातली आया. सत्तावीस वर्षं तिथे. तिने झोळीत झोपवलेली पोरं आता त्याच कारखान्यात हेल्पर झाली होती आणि ती येताजाता अजून त्यांची नाकं पुसत असे. सुगंधाच्या अर्जावर सूचक म्हणून तिचीच सही होती. पोर रडलं की भूक, पोटदुखी की नुसता हट्ट हे ती दाराबाहेरून सांगे. माणसांचंही तिला तसंच कळे, फक्त माणसं झोळीत मावत नसत.

टाइम ऑफिसच्या जाळीमागे सीताराम गुरव बसले होते. टाइमकीपर आणि या निवडणुकीचे निर्णय अधिकारी. त्यांच्या घड्याळाला भिऊन कंपनीचा भोंगा वाजतो असं सगळे म्हणत, आणि गुरव ते नाकारत नसत.

"सीताराम, तो कागद दाखव."

"मावशी, गोपनीय आहे."

"तुझ्या तीन पोरांचे लंगोट मी धुतलेत. त्यात काय गोपनीय होतं?"

गुरवांनी दोन्ही कागद जाळीखालून सरकवले.

पहिला सुगंधाचा उमेदवारी अर्ज. ठसठशीत सही, खाली 'पतीचे संपूर्ण नाव : धोंडू जयवंत परब'. दुसरा माघारीचा, टाइप केलेला. सहीच्या जागी शाईचा अंगठा. आणि पतीचे संपूर्ण नाव : 'धोंडू', मग दोन बोटं कोरी जागा, मग 'परब'.

"मला सही येते," सुगंधा म्हणाली. "अंगठा माझा कसा असेल?"

"बाईमाणूस म्हटल्यावर अंगठाच असणार," गुरव म्हणाले. "मी काय प्रत्येकीचं शिक्षण विचारत बसू?"

"पहिल्या अर्जावर सही आहे. ताडून नाही बघितलीस?"

गुरवांनी घड्याळाकडे पाहिलं. 

"आणून कोणी दिला?" द्रौपदीने विचारलं.

"बाईने. काल, शुक्रवारी दुपारी दीडला. जाळीतून हात तेवढा दिसला. हिरव्या बांगड्या."

"मुलुंडात हिरव्या बांगड्यांचे हात किती?"

"मोजले नाहीत," गुरव प्रामाणिकपणे म्हणाले.

काल दीड वाजता सुगंधा टेबलावर होती. एकशे एकोणचाळीस बायका साक्षीला. नाही, एकशे अडतीस. जया भोगले काल अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली होती.

जयाचा बिल्ला ४१८. सुगंधाच्या शेजारचं टेबल, शेजारची नोकरी. उभं राहायची मूळ इच्छा तिचीच होती. बायकांनी सुगंधाचं नाव पुढे केलं तेव्हा जया आठवडाभर कुणाशी बोलली नव्हती, आणि जया आठवडाभर गप्प म्हणजे विभागातल्या बल्बनाही चुकल्यासारखं झालं होतं.

द्रौपदीने तिला नळापाशी गाठलं.

"काल कुठे होतीस?"

"डॉक्टरकडे."

"कुठला डॉक्टर?"

"मावशी, तू पोलीस कधीपासून झालीस गं?"

"आज सकाळी सातपासून. बोल."

जया इकडेतिकडे बघून हळू म्हणाली, "घाटकोपरला गेले होते. तिथल्या रेडिओच्या कारखान्यात बायका घेतायत. अर्ज टाकून आले."

"म्हणजे सुगंधा जिंकेल असं तुला वाटत नव्हतं."

"जिंकेल असं वाटत होतं. टिकेल असं वाटत नव्हतं." तिने तोंडावर पाणी मारलं. "मला तिचा राग होता, खरंय. पण तिचं नाव कापायला मी कशाला जाऊ? विभाग बंद झाला तर काढायच्या यादीत माझं नाव तिच्या खालीच असणार ना!"

द्रौपदीने मान हलवली. हा नुसता हट्ट नव्हता, भूक होती.

माघारीच्या कागदावर प्रत्येक 'र' ओळीच्या वर उडी मारून बसला होता. असा उडता 'र' मुलुंडात एकाच मशीनचा. पोस्टाबाहेर छत्रीखाली बसणाऱ्या चंद्रप्रकाशचा. शिफ्ट सुटल्यावर गुरवांकडून तो कागद मागून घेऊन द्रौपदी आणि सुगंधा तिकडे गेल्या. चंद्रप्रकाशचा चष्मा इतका जाड होता, की त्यातून त्याला उद्याचं दिसतं असं गिऱ्हाइकं म्हणत. समोरचं मात्र दिसत नसे.

"हा कागद तुझा?"

त्याने कागद नाकाला लावला. "हां, आपलाच. काल बारा-साडेबारा."

"बाई कशी होती?"

"मौशी, मी बटणं बघतो. गिऱ्हाइकाचं तोंड बघितलं तर स्पेलिंग चुकतं."

"तरुण? म्हातारी?"

"डोक्यावर पदर होता. आवाज बसलेला. इथे धुळीत सगळ्यांचाच बसतो."

"काय काय विचारलंस?"

"नाव विचारलं, सांगितलं. बिल्ला नंबर, सांगितला, पाठ केल्यासारखा. नवऱ्याचं नाव, सांगितलं."

"कसं सांगितलं? लाजत? उखाण्यात? शेजारणीला सांगायला लावून?"

"नाही ना! ते तर मला पण नवल वाटलं. इथे बायका नवऱ्याच्या नावाला पाच मिनिटं लावतात. कोण पाटीवर बोट दाखवते, कोण पोराला पुढे करते. हिने फाटकन सांगितलं, 'धोंडू'. हाक मारावी तसं."

"आणि ही कोरी जागा?"

"तिथे गाडी अडली. मी विचारलं, धोंडूच्या बापाचं नाव? तर एकदम गप. परत विचारलं. म्हणाली, ऱ्हवां दे, तसाच सोड. मी जागा सोडली, नंतर हाताने भरेल म्हटलं."

द्रौपदीने कागदाची घडी घातली. तिचा चेहरा पोरगं तापाने फणफणलंय हे आईला सांगायच्या आधी होई, तसा झाला होता.

"कळलं का मावशी, कोण ते?" सुगंधाने विचारलं.

"कळलं. न कळतं तर बरं होतं. चल, तुझ्या घरी जाऊ."

परबांची खोली टेकडीच्या उतारावर होती. दारात सुगंधाचे सासरे जयवंत परब बसले होते. हा माणूस एके काळी गिरणीच्या गेटवर बोलायला लागला की पलीकडच्या गिरणीचे साचे थांबत. संपात तो सगळ्यांत पुढे होता. चार वर्षं झाली. गिरणीने मागच्यांना परत घेतलं, पुढच्याला नाही. तेव्हापासून तो या दारात बसला होता आणि कोणी हाक मारली तरी मान वळवत नसे.

आत सासू रुक्मिणी तांदूळ निवडत होती. धोंडू भिंतीला टेकून उभा होता. बातमी घरी पोचली होती.

"माझ्यावर संशय असेल तर सांगा, मावशी," तो म्हणाला. "मी त्याच कारखान्यात आहे. कुंडलिक मला रोज चहा पाजतो. लोक बोलतायत."

"तू नाहीस," द्रौपदी म्हणाली. "ऐक सगळे. कागद द्यायला आलेली बाई होती. तिला सही येत नव्हती. आता जया घ्या किंवा विभागातली कोणीही. सगळ्या पगाराला सही करतात, आणि तुला सगळ्या म्हणतात धोंडूभावजी. सुगंधाचं सोंग घेऊन कोणी आली असती तर सुगंधासारखीच अडखळली असती. सोंगाला तेवढी अक्कल लागते. ही बाई सोंग विसरली, कारण 'धोंडू' हे नाव तिच्या तोंडात रोजचं आहे. बरं, मग लगेच पुढचं नाव का येईना? जयवंत. सोपं नाव. ते तिला माहीत नव्हतं असं नाही. ते तिने जन्मात उच्चारलेलं नाही."

खोलीत तांदूळ निवडायचा आवाज थांबला.

"पोराचं नाव हाक मारावी तसं घेणारी आणि त्याच्या बापाचं नाव जिभेवर न आणणारी या जगात एकच बाई असते. त्याची आई."

धोंडूने भिंत सोडली. "आई?"

रुक्मिणीने सूप खाली ठेवलं. हिरव्या बांगड्या मागे सारल्या.

"होय. मीच आंगठो दिलंय."

"आई, का?" सुगंधाने विचारलं. "रोज सकाळी डबा देताना तुम्हीच म्हणत होतात ना, जिंकून ये?"

"म्हटलंय." म्हातारीने दाराकडे बोट केलं. "त्यांका बघ. ते पण फुडे उभे रवलेले. लोकांनी हार घातल्यानी, खांद्यार घेतल्यानी. मगे? एक तरी इलो कोण चार वर्सांत? माका ह्या घरात असा दुसरा माणूस बसलेला बघूचा नाय. धोंडूच्या एकट्याच्या पगारार सहा माणसा जगतीत?"

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" द्रौपदीने विचारलं. "बिल्ल्याचा नंबर, शुक्रवारची मुदत, पोस्टाबाहेरचा टायपिस्ट?"

"कुंडलिक इललो. ही कामार असताना. चाय घेतल्यान. ह्यांच्या पायांक हात लावल्यान. माका म्हणालो, 'काकी, काका बघा कसे झाले.' बस, तितक्याच. मगे मीच इचारलंय, काय करू म्हणान."

 कुंडलिकने ना धमकी दिली होती, ना कागदाला हात लावला होता. त्याने फक्त दारातला माणूस दाखवला होता, आणि तो माणूस खरा होता.

"तक्रार द्यावी लागेल," द्रौपदी म्हणाली. "अंगठा कोणाचा ते लिहून. नाव घालायला जमेल, सुगंधा?"

सुगंधा सासूकडे बघत राहिली. याच बाईने तिची दोन्ही मुलं वाढवली होती, म्हणून तर ती कारखान्यात बसून तार उचलू शकत होती.

रुक्मिणीच उठली. "लिव गो. माझा नाव घाल. मी येतंय सांगाक. तुका इतक्या लागात ह्या माका ठावक नव्हता."

सोमवारी सकाळी साडेआठला तिघी गुरवांच्या जाळीपुढे उभ्या राहिल्या. गुरवांनी तक्रार वाचली, अंगठा बघितला, म्हातारीकडे बघितलं. त्यांना वाईट वाटलं. ते वाटणं त्यांच्या अधिकारात होतं.

"निकाल लागल्यानंतरची तक्रार कार्यकारिणीपुढे जाते," ते म्हणाले.

"कार्यकारिणी बोलावतं कोण?"

"सरचिटणीस."

"म्हणजे कुंडलिकच."

"नियम मी केले नाहीत, मावशी. पुढच्या महिन्यात बैठक आहे."

"आणि करार?"

गुरवांनी या वेळी घड्याळाकडे बघायचंही टाळलं. "आठला झाला. ऑफिसात पेढे वाटले."

दहा वाजता गेटवर कामावरून कमी केलेल्यांची यादी लागली. पाळणाघर बंद, म्हणून सगळ्यांत वर द्रौपदी रणपिसे. त्याखाली फिलामेंट विभाग. बायका रेटारेटी करत पुढे गेल्या. जया बोट फिरवत नंबर वाचत होती. चारशे पंधरा. चारशे सोळा. चारशे अठरा.

बोट थांबलं. वर गेलं, खाली आलं.

"सुगंधा, तुझं नाव नाही गं यात."

 एकशे एकोणचाळीस बायका वळून बघू लागल्या.

"मला माहीत नव्हतं," सुगंधा म्हणाली. "शपथ. अर्ज मी मागे घेतलाच नव्हता. आईंनी..."

"मीच केलंय!" रुक्मिणी पुढे आली. "हिचो काय दोष नाय. माझो आंगठो तो!"

"वा!" मागून कोणीतरी म्हणालं. "सासूला घेऊन आलीय साक्षीला."

"जया, मी सांगते काय झालं ते," द्रौपदी गर्दीत घुसली. "टायपिस्टला विचार. कागद बघ."

"मावशी, तू तिची सूचक. तू तिचंच बोलणार." जयाच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तिची नोकरी राहिली, आमची गेली. यापुढे कागद काय बघायचा?"

द्रौपदीने शनिवारी अंगठा ओळखला होता आणि तिला वाटलं होतं कोडं सुटलं. अर्ध्या कोड्याकडे तिने बघितलंच नव्हतं. म्हातारीने अंगठ्याच्या बदल्यात सुनेची नोकरी मागितली होती, आणि कुंडलिकने शब्द पाळला होता. सुगंधाला यादीत घातली असती, तर ती त्या एकशे चाळिसांची राहिली असती. उद्या गेटवर बसली असती, परवा कोर्टात गेली असती, आणि बायका तिच्या मागे गेल्या असत्या. अंगठ्याने तिची उमेदवारी गेली होती. नोकरी ठेवून कुंडलिकने तिच्या मागची माणसं नेली.

गेट उघडलं. कुंडलिकराव बाहेर आले, हात जोडून, ओठांना पेढ्याची साखर.

"परबवहिनी, उद्यापासून पॅकिंगला या. काकींना शब्द दिला होता."

ते मोठ्याने म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने.

घरी सहा माणसं होती आणि एक पगार. तक्रारीनंतर कुंडलिक धोंडूला पाजत होता तो चहाही आता बंद होणार हे उघड होतं. सुगंधा जागची हलेना. मग रुक्मिणीनेच तिचा दंड धरला आणि हळूच पुढे ढकललं.

बायकांनी तिला वाट करून दिली. साहेबाला करून देतात तशी.