उजवं पायडल

कंदील जरा बारीक कर, रामलाल. गोष्ट ऐकायला तेवढा उजेड पुरे. आणि शिकलेल्यांनी हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच नको. अमरसिंग माझा दोस्त, राळेगावकडच्या बंजारा तांड्यातला. त्याच्यावर जे गुजरलं ते त्यानं मला भर दुपारी, पूर्ण शुद्धीत सांगितलं.

१९६१ची कार्तिक अमावस्या, गुरुवार. दिवस मावळून तासभर झाला होता. अमरसिंगची बहीण सुखीबाई बाळंतपणाला माहेरी आलेली आणि दुपारपासून अडलेली. तांड्यातल्या झाडून साऱ्या गाड्या कापूस घेऊन बाजारात गेलेल्या, बाप्येही तिकडेच. सुईणीनं हात टेकले. तेव्हा त्याची आई मानीबाई भिंतीला लावलेल्या सायकलीकडे बघत राहिली.

"याडी, माहा गुडघा..." अमरसिंग आईला म्हणाला.

"मले मालूम हाय. पन नर्सबाई राळेगावले, पाच मैलावर हाय."

सायकलीची हकीकत अशी. वैशाखात अमरसिंग आणि सुखीबाईचा नवरा देवीलाल डबलसीट राळेगावला निघाले होते. दोघांची जोडी जमलेली. चढ लागला की मागे कॅरिअरवर बसलेला देवीलाल पाय लांबवून उजवं पायडल मारायचा, डावं अमरसिंगचं. चढ संपला की लगेच उतार, आणि उताराच्या तळाशी नाल्यावरचा रपटा, बिनकठड्याचा ठेंगणा दगडी पूल. त्या दिवशी रपट्याच्या दगडावर सायकल आदळली. देवीलाल जागीच गेला. अमरसिंगच्या उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. कुत्रं आडवं आलं, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं, सुखीबाईलाही.

पाच महिने तो खाटेवर होता. उठला, पण गुडघा वाकेना. मग सायकल दुरुस्त करून आणली, दोन्ही पायडलांना कोरं रबर बसवलं. डावा पाय पट्ट्यानं पायडलला बांधायचा आणि त्या एका पायावरच चालवायचं. उजवा पाय ताठ ठेवायला लोहारानं पुढे खुंटी लावून दिली. उजवं पायडल रिकामंच फिरायचं. अपघातात ते वाकलं होतं. वजन पडलं तर कुरकुरायचं, नुसतं फिरलं तर गप्प. पंधरा दिवस गडी तांड्यापुढच्या सपाटीवर लहान पोरासारखा शिकत होता. चढाकडे फिरकला नव्हता.

त्या रात्री मात्र निघाला. आतून सुखीबाईचं कण्हणं रस्त्यापर्यंत येत होतं.

दोन मैल ठीक गेले. मग चढ. एका पायाचा जोर पुरेना. वेग कमी झाला तसा डायनॅमोचा दिवा पिवळा पडला, मग लाल. आता उतरावं लागणार, आणि उतरून ढकलत जायचं तर मध्यरात्र होणार. अमरसिंगला रडू आलं.

तेवढ्यात... कुर्र.

त्यानं खाली पाहिलं. अंधार. उजवा पाय खुंटीवरच होता.

कुर्र... कुर्र...

दिवा उजळला. सायकल चढत होती. कॅरिअर जड झालं होतं, मागचं चाक दबून चाललं होतं. मागे वळून पाहायची त्याची छाती झाली नाही.

चढ संपला. उतार लागला. खाली रपटा.

आता पाडणार, त्याला वाटलं. त्याच दगडावर.

ब्रेक दाबले. वेग कमी होईना, कुर्र कुर्र चालूच.

"देवीलाल," तो म्हणाला. "कुत्रं नोतं. म्या हँडलवरचे हात सोडले होते. तुले मजा दाखवाले."

मागे काही नाही. नुसता श्वास... की वारा.

"मले पाड. पन वापस येतानी पाड. आत्ता नको. सुखी अडली हाय."

कुर्र... थांबलं.

दगड डाव्या हाताला आला. आणि मागे गेला.

नर्सबाई कांताबाई फार धीराची बाई. दवाखान्याशेजारच्या माणसाची छकडागाडी जुंपून ती तांड्याकडे निघाली. अमरसिंग मागून आला, एकटा. शब्द दिला होता ना. रपट्यावर सायकल थांबवून तो उभा राहिला. एक बिडी संपली, दुसरी संपली. कोणी आलं नाही. गाडीच्या बैलांच्या घंटा ऐकू येईनाशा झाल्या तेव्हा तो सायकल हातात धरून निघाला.

तांड्यात पोहोचला तेव्हा पोरगी जन्मली होती. दोघी सुखरूप. उजाडल्यावर त्यानं बहिणीजवळ बसून कुत्र्याचं खरं काय ते सांगून टाकलं. सुखीबाई वर्षभर त्याच्याशी बोलली नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

मी त्याच सकाळी पोर पाहायला गेलो होतो. अमरसिंग अंगणात सायकलीपाशी उकिडवा बसला होता. मला जवळ बोलावून त्यानं बोट दाखवलं. डाव्या पायडलचं रबर होतं तसंच, नवं. उजव्याचं, ज्याला बसवल्यापासून कोणाचा पाय लागला नव्हता, ते लोखंडापर्यंत झिजलेलं होतं.