पालथं पान

इंदिरानगरला यादवकाकांच्या स्टेशनरीच्या दुकानावर एक लांबट खोली होती. रविवारी सकाळी तिथे सतरंज्या पसरायच्या आणि ‘मायादुर्ग’ या पत्त्यांच्या खेळाचे डाव रंगायचे. राक्षस, चेटकिणी, पडके बुरूज असली रंगीत चित्रांची ती पानं २००४ साली नाशिकमध्ये अजून नवलाईची होती. खेळायला येणारे बहुतेक कॉलेजातले. नोकरीवाले दोघंच, महेश आणि नईम. दोघं अंबडला एकाच कारखान्यात होते. महेश टूलरूममध्ये, नईम तपासणी विभागात. महेशला हा खेळ नईमनंच शिकवला होता.

“पान पालथं टाकलं की त्याला नाव नाही,” त्यानं तेव्हा सांगितलं होतं. “राक्षस असो नाहीतर शिपाई, उलटेपर्यंत तो कुणीच नाही. पण कुठलंही पान पालथं टाकायचं नाही हं. कोपऱ्यात चंद्रकोर असेल तेच. आणि डाव संपला की जिंकणाऱ्यानंसुद्धा आपलं पालथं पान दाखवायचं.”

“जिंकल्यावर कशाला?”

“नाहीतर कुणी काहीही टाकेल ना यार.”

त्या रविवारी अंतिम डाव महेश आणि नईमचा होता. जिंकणारा बंगळूरच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होता. नईमनं साहेबांकडे रजेचं बोलूनही ठेवलं होतं. डाव महेशच्या हातून जात होता, आणि चंद्रकोरीचं एकही पान त्याच्याकडे उरलं नव्हतं. त्यानं ‘नदीवरचा पूल’ हे साधं पान उचललं आणि चेहरा सरळ ठेवून पालथं टाकलं.

नईम बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला. त्याखाली चंद्रकोरीचा पहारेकरी असणार असं समजून त्यानं हल्ला मागे घेतला. तिथेच डाव फिरला.

टाळ्या झाल्या. यादवकाकांनी महेशची पाठ थोपटली. त्या गडबडीत महेशनं आपली सगळी पानं गोळा करून गठ्ठ्यात सरकवली.

“पालथं दाखव ना,” नईम म्हणाला.

“पहारेकरी होता रे. शप्पथ.”

नईमनं त्याच्याकडे पाहिलं. मग हसला. “तू म्हणतोस ना, बस.”

ते हसणं महेशला घरी जाताना स्कूटरवर छळत राहिलं. उद्या सांगून टाकू, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये लंकाबाईंनी महेशपुढे चहाचा एकच ग्लास ठेवला. रोज दोन ठेवायच्या.

“बाई, दोन द्या की.”

“दुसरा कोणाला?” त्यांनी विचारलं. नईम त्यांच्या समोर उभा होता.

“मी दिसत नाही का बाई?” तो हसत म्हणाला. लंकाबाई दचकल्या. डोळे बारीक करून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि दुसरा ग्लास भरला.

“कालपासून असंच चाललंय,” चहा पिताना नईम म्हणाला. “रिक्षावाला थांबेना. साहेबांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसते ‘अरे... अरे...’ करत राहिले.” तो अजून हसत होता, पण ग्लास त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

सांगायची वेळ तीच होती. महेश म्हणाला, “उन्हानं होत असेल.”

संध्याकाळी गेटपाशी नईम पुढे चालला होता. महेशनं हाक मारायला तोंड उघडलं. ओठांवर काहीच आलं नाही. तो नुसताच “ए!” असं ओरडला. पुढच्यानं मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर तो कामावर आला नाही. त्याच्या टेबलावर रिकामी खोकी रचलेली होती.

“इथे बसतो तो कुठेय?” महेशनं विचारलं.

“इथे खोकीच असतात,” शेजारचा माणूस म्हणाला.

मोबाइलमध्ये त्याचा नंबर होता. नावाची जागा कोरी होती. लावला तर नुसती रिंग वाजत राहायची.

महेश अर्धा दिवस रजा टाकून घरी आला. गठ्ठा काढून त्यानं सगळी पानं पलंगावर सुलट मांडली. राक्षस. चेटकीण. बुरूज. पूल कुठेच नव्हता.

एक पान मात्र पालथं राहिलं होतं.

त्यानं ते उलटलं. पालथीच बाजू.

पुन्हा उलटलं. पालथीच.

नखानं कडा उकलून पाहिली. आतही पाठीवरचीच निळी नक्षी.

ते पान खिशात घालून त्यानं देवळाली कॅम्पची बस पकडली. आपण काय केलं ते मित्राच्या घरच्यांसमोर सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. बाजारामागचं ते घर त्याला पाठ होतं. दार मित्राच्या अम्मीनं, रोशनबीनं उघडलं.

“ये बेटा,” ती म्हणाली आणि मग अडखळली. “तुला ओळखते मी. ईदला येतोस, शीरखुर्मा खातोस. पण तू आमच्याकडे कुणाला भेटायला येतोस रे?”

महेश घरात शिरला. आत सतरंजीवर रोशनबीची मुलगी अफिफा शेंगा निवडत बसली होती. महेश तिच्यासमोर खाली बसला. खिशातलं पान काढून त्यानं मध्ये ठेवलं.

“मी खोटं बोललो,” तो म्हणाला. “पहारेकरी नव्हता. पूल होता. मी फसवलं त्याला.”

“कुणाला?” अफिफानं विचारलं.

त्यानं नाव आठवायचा प्रयत्न केला. चेहरा दिसत होता. हसणं दिसत होतं. दोन्ही हातांनी धरलेला ग्लासही दिसत होता.

“तुझ्या भावाला.”

“मला भाऊ नाही,” ती शांतपणे म्हणाली. “घरात आम्ही दोघीच. अम्मीला विचारा हवं तर.”

रोशनबी दारातच उभी होती. कुणाला तरी वाट द्यावी तशी ती एका अंगाला झाली, आणि मग तिनं दार लावून घेतलं.

“सारखं उघडंच राहतं मेलं,” ती म्हणाली.

अफिफा पुन्हा शेंगा निवडायला लागली. निवडता निवडता, वर न बघता, तिनं टोपली जवळ ओढली आणि कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी तशी थोडी सरकली.