उजव्या विंगेतला आवाज

मी लेखक नाही. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो वाहणारा टेम्पो चालवतो. या पेजवरच्या गोष्टी वाचतो, पण स्वतः कधी लिहिलं नव्हतं.

ही गोष्ट खरी आहे. चाळीस माणसं समोर बसलेली होती. त्यातलं एकही माणूस आज त्यावर बोलायला तयार नाही.

भुताच्या गोष्टी अमावस्येच्या रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारी घडली. ९ जून २०२४, रविवार. चार वाजून गेले होते. जागा आमच्या वाडीचं समाजमंदिर. वाडी आंबेगाव तालुक्यात, पेठपासून आत. नाव लिहीत नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात.

मी पण.

आधी माझ्या बायकोबद्दल सांगतो. वैजयंती. आमच्याकडे यात्रेला दरवर्षी याच समाजमंदिरात गावातलीच माणसं नाटक करतात. दिवसभर शेतात राबणाऱ्या माणसाचं पाठांतर कुठून होणार? म्हणून प्रॉम्प्टर लागतो. तो विंगेत वही घेऊन बसतो आणि हळू आवाजात पुढचं वाक्य देतो. वैजयंती बारावी शिकलेली. अकरा वर्षं तिनेच हे काम केलं. उजव्या विंगेत, लोखंडी खांबाला टेकून.

तिची एक सवय होती. बोट जिभेला लावायची, पान उलटायची आणि मग वाक्य द्यायची. पुढच्या रांगेत बसलं की ते ऐकू यायचं. च्... सर्र... आणि मग तिचा आवाज. नाटक संपलं की थापकन वही मिटायची आणि स्वतःशीच म्हणायची, "झालं."

नाटक बसवायचे बाळासाहेब. मुख्य भूमिका त्यांचीच. आवाज दांडगा, पण पाठांतर शून्य. विंगेतून जे येईल ते जसंच्या तसं बोलायचे. एकदा ते राजा झाले होते. वैजयंतीच्या पायाजवळ विंचू आला. ती घाबरून पुटपुटली, "अगं आई गं, विंचू!" आणि बाळासाहेबांनी तलवार उपसून भर दरबारात आरोळी ठोकली, "अगं आई गं, विंचू!"

पडदा ओढणारा आमचा गेणभाऊ हे अजून सांगतो. म्हणजे... जूनपर्यंत सांगायचा.

वैजयंती २०१८ च्या चैत्रातल्या यात्रेत गेली.

त्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. जमीन ओली. नाटक रंगात आलं होतं. मी पुढच्या रांगेत होतो. तिसऱ्या अंकात तिचा आवाज बंद झाला.

बाळासाहेबांनी उजव्या विंगेकडे पाहिलं. क्षणभर थांबले.

मग प्रेक्षकांकडे तोंड करून त्यांनी शेवटचं पाच मिनिटांचं स्वगत म्हटलं. एकही शब्द न चुकता. आयुष्यात पहिल्यांदा.

टाळ्या पडल्या. पडदा पडला. आणि आतून गेणभाऊ ओरडला.

तिचा उजवा तळवा काळा पडला होता. हॅलोजनचा करंट खांबात उतरला होता. मंडपवाल्या पोरांनी अर्थिंग केलंच नव्हतं.

पहाटे बाळासाहेब माझ्याकडे कागद घेऊन आले. बायकोला आधीपासून फिट येत होत्या, कोणावर संशय नाही, असं त्यात लिहिलेलं.

"गोरख, सही कर. पोरांवर केस व्हईल. यात्रा कायमची बंद पडंल. गेलेलं माणूस काय माघारी येनार न्हाई. तुझ्या पोरीचं शिक्षान मी बघतो. हा माझा शबूद."

मी सही केली. ऊन व्हायच्या आत सगळं उरकलं.

आमची मुलगी संस्कृती तेव्हा चौदा वर्षांची होती. तिलाही मी तेच सांगितलं. फिट आली.

बाळासाहेबांनी शब्द पाळला. तिची फी, पुस्तकं सगळं बघितलं. पोरगी हुशार निघाली. पण तिला नाटकच करायचं होतं. पुण्यात कॉलेजात नाटकाचं शिक्षण मिळतं, तिथे जायचं होतं. त्यासाठी ऑडिशन असते. एक स्वगत, आणि दोन माणसांचा एक प्रवेश. हजार पोरं येतात, वीस घेतात. यंदा नाही झालं तर लग्नाचं बघू, असं आमचं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. तिच्याकडे ही एकच संधी होती.

मे महिन्यात तिने मला विचारलं, "पप्पा, आईची वही कुठंय?"

"कशाला?"

"त्यातला बापलेकीचा प्रवेश करनारे मी. बाळाकाका बापाचं काम करत्यात. शिकवतो म्हनालेत."

वही पत्र्याच्या पेटीत होती. सहा वर्षं मी ती पेटी उघडली नव्हती. तिनेच उघडली.

दोन दिवसांनी मी दुपारचा घरी जेवत होतो. संस्कृती मागच्या खोलीत प्रवेश म्हणत होती. दोघांचीही वाक्यं स्वतःच म्हणायची. मध्येच थांबली.

आणि मला ऐकू आलं...

च्... सर्र...

घास हातातच राहिला. मी म्हणालो, "वहीत बघून म्हनती व्हय गं? पाठ न्हाई झालं अजून?"

ती दारात आली. दोन्ही हात रिकामे.

"माझं कवाच पाठ झालंय. वही तुमच्या मागं हाय की."

मी वळून पाहिलं. वही फळीवर होती. मिटलेली.

पुढच्या आठवड्यापासून समाजमंदिरात तालीम सुरू झाली. रोज दुपारी तीनला. मी टेम्पो लावून बघायला जायचो. बाळासाहेब पहिल्या दिवशी खुशीत होते. तिसऱ्या दिवशी मात्र तालीम मधेच थांबवून म्हणाले, "उजवीकडं कोन बसलंय?"

"कोन न्हाई," गेणभाऊ म्हणाला. "उंदीर आसंल."

"उंदीर पानं उलटतो का रं?"

"शिकल्याला आसंल, राव!"

संस्कृती हसली. बाळासाहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी उजव्या विंगेला जाड सतरंजी बांधून घेतली. प्रवेशभर ते तिकडे पाठ करून उभे राहायचे. गेणभाऊ म्हणायचा, "बाप पोरीशी बोलतोय का भिंतीशी?"

ऑडिशन १४ तारखेला होती. पोरीची भीड मोडावी म्हणून ९ तारखेला गावासमोर एकदा करून बघायचं ठरलं. चाळीसेक माणसं आली. बाळासाहेबांच्या बायको सारजाबाई चहाची किटली घेऊन आल्या होत्या.

सुरू व्हायच्या आधीच लाईट गेली. पंखे थांबले. दारं-खिडक्या उघडी, उजेड भरपूर. गेणभाऊ म्हणाला, "लाईटीचं काय काम? चालू द्या."

मी उजव्या बाजूला, स्टेजच्या खाली उभा होतो. सहज खांबाला हात लावला...

हाताला झिणझिण्या आल्या.

सगळ्या गावात लाईट नव्हती. मी पुन्हा लावला. पुन्हा झिणझिण्या.

मी तिथून सरकलो. कोणाला सांगितलं नाही. पोरीचं बिनसायला नको.

प्रवेश सुरू झाला. संस्कृती काय बोलत होती म्हणून सांगू! आवाज आईचा. पण हिने तो पूर्ण उघडून लावलेला. आईने आयुष्यभर दाबून वापरला तो.

प्रवेशात मुलगी बापाला जाब विचारते. तिचं वाक्य आलं, "बाबा, आई गेली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

वहीत बापाचं उत्तर आहे, "मी रानात होतो, पोरी."

बाळासाहेबांनी तोंड उघडलं... आणि ते अडकले.

किटलीचं झाकणसुद्धा वाजेना.

सतरंजीच्या मागून आलं...

च्...

सर्र...

आणि मग तिचा आवाज. हळू, नीट, शब्द न् शब्द सुटा. मी तो अकरा वर्षं विंगेतून येताना ऐकलेला आहे. माझी चूक होणार नाही.

"मी इथेच होतो."

"मी इथेच होतो," बाळासाहेब म्हणाले.

"चुकलं, राव!" गेणभाऊ हसत ओरडला. एकदोघं हसले.

पुन्हा पान उलटलं.

"मी उजव्या विंगेकडे पाहिलं," बाळासाहेब म्हणाले. "तिचा हात खांबाला चिकटला होता. तोंड उघडं होतं. आवाज येत नव्हता. डोळे माझ्याकडे होते."

आता कोणी हसत नव्हतं.

बाळासाहेब कधी पुस्तकी बोलायचे नाहीत. 'होता' त्यांच्या तोंडात बसायचंच नाही, 'व्हता' यायचं. हे सगळं वहीतून दिल्यासारखं. ते हाताने स्वतःचं तोंड दाबत होते. शब्द बोटांमधून बाहेर येत होते.

"मेन स्विच माझ्यापासून चार पावलांवर होता. पण माझं स्वगत बाकी होतं. लाईट घालवली असती तर टाळी गेली असती."

च्... सर्र...

"ती जिवंत होती. स्वगत संपेपर्यंत ती जिवंत होती."

सारजाबाईंच्या हातातली किटली पडली.

खरं सांगतो. बाळासाहेबांना तसं लटपटताना पाहून मला बरं वाटलं. सहा वर्षं जे मला बोलता आलं नाही, ते तिने त्यांच्याच तोंडून काढून घेतलं. मनात म्हणालो, सोडू नको वैजू. अजून बोलायला लाव.

तिने लावलं.

"मग मी कागद लिहिला. फिट येत होत्या. आणि खाली गोरखने सही केली."

चाळीस तोंडं माझ्याकडे वळली. संस्कृती स्टेजच्या कडेला आली.

"पप्पा, सही तुमी केली?"

मला नाही म्हणायचं होतं. देवाशपथ सांगतो, 'नाही' माझ्या जिभेवर होतं...

माझ्या कानाच्या मागे कोणीतरी जिभेला बोट लावलं.

"हो," मी म्हणालो.

संस्कृती खाली उतरली, वही घेतली आणि निघून गेली. गेणभाऊने सतरंजी ओढून काढली. मागे काही नव्हतं. फक्त ओल होती. जूनचा पाऊस अजून आमच्याकडे आला नव्हता, आणि तेवढीच दोन हात जमीन ओली होती.

बाळासाहेब त्या दिवसापासून स्वतःहून एक शब्द बोललेले नाहीत. पुण्याला नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणतात, सगळं नॉर्मल आहे. सारजाबाई "पाणी" म्हणाल्या की ते "पाणी" म्हणतात. "जेवतो" म्हणाल्या की "जेवतो" म्हणतात. कोणी शब्द दिला नाही तर तोंड उघडं ठेवून बसतात, उजवीकडे बघत.

संस्कृतीने ऑडिशन दिली. वीस जणांत तिचं नाव आलं. तेव्हा तिने एकदाच फोन केला.

"तिथं मागून आवाज आला का गं?" मी विचारलं.

"न्हाई. आईनं मला एकबी शब्द दिला न्हाई. मला लागलाच न्हाई." मग म्हणाली, "तुमाला लागंल. मी पोलिसात अर्ज दिलाय."

त्यानंतर फोन नाही. ती घरी पण येत नाही.

मला सोमवारी जबाबाला बोलावलंय. सहीचं सगळं खरं सांगायचं ठरवलंय. बाळासाहेबांनी कागद लिहिला, मी घाबरलो, सही केली. एवढंच. तीन दिवस तेच घोकतोय. पुढचं कोणाला माहीत नाही, आणि सांगायचं पण नाही, असं ठरवलं होतं. त्या दुपारी बाळासाहेबांच्या तोंडूनही ते आलं नाही. त्यांना ते माहीतच नव्हतं.

आता दुपारचे साडेतीन झालेत. घरात मी एकटा आहे. वही संस्कृतीकडे पुण्यात आहे.

तरी आत्ता... मागच्या खोलीतून...

च्...

सर्र...

लिहितो. लिहितो, वैजू.

त्या दिवशी दुसऱ्या अंकानंतर वैजयंती विंगेतून उठून माझ्याकडे आली होती. उजवा हात पुढे करून म्हणाली, "अवो, खांबाला हात लागला की मुंग्या येत्यात. त्या लाईटवाल्याला सांगा की जरा."

चारचौघांत नाटक थांबवायची मला लाज वाटली. मी म्हणालो, "एकच अंक राह्यलाय. काढ की तेवढा."

ती बरं म्हणाली आणि जाऊन बसली.

झालं. एवढंच राहिलं होतं. मी सगळं लिहिलंय.

पण वही मिटल्याचा आवाज अजून आलेला नाही.